कुलूपबंद पार्टिशन जागच्या जागी ठेवून नवे लिनक्स: फोंड्यातील एका वकिली कार्यालयाचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातील फोंड्याच्या एका छोट्या वकिली कार्यालयाचे आहे. तिथे दोन संगणक, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर आहे. काम मुख्यतः कूळ-मुंडकारांचे दावे, वारसाहक्काची इन्व्हेंटरी प्रकरणे आणि जमिनीचे वाद यांचे, त्यामुळे संगणकावर एक-चौदाचे (गोव्यातील जमीननोंदीचे) उतारे, पोर्तुगीज काळातील विक्रीखतांची स्कॅन केलेली पाने, पक्षकारांची आधार व पॅन कार्डे आणि मृत्युपत्रांचे मसुदे साठलेले असतात. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करणे हे वकिलावर कायद्यानेच घातलेले बंधन आहे. म्हणून २०१९ च्या अखेरीस मुख्य संगणकावर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली बसवताना वकीलबाईंनी जवळजवळ संपूर्ण डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, करून घेतली होती. तो निर्णय योग्यच होता. संगणक चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तरी आतली कागदपत्रे कुणाच्या हाती लागणार नाहीत याची दुसरी खात्रीशीर सोय नाही.

डेबियन १० चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२४ रोजी संपला. डेबियनमध्ये एक आवृत्ती ओलांडून थेट पुढच्या आवृत्तीवर जाण्याला मान्यता नाही. दहावरून बारावर जायचे तर मध्ये अकरावर थांबावे लागते. त्या जुलैत अकरावर जाण्याचे काम सुरू असताना वीज गेली आणि संगणक मध्येच बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर तो पासफ्रेज (कुलपाचा लांब पासवर्ड) विचारून काळ्या पडद्यापर्यंत येई, पण डेस्कटॉप उघडत नसे. पॅकेजांची नोंद एक सांगत होती, प्रत्यक्ष फायली दुसरेच सांगत होत्या, आणि काही लायब्ररी जुन्या तर काही नव्या अशा अवस्थेत होत्या. खटपट करून ती प्रणाली दुरुस्त झालीही असती, पण त्यानंतर आणखी एक मोठे अपग्रेड बाकीच होते. अर्धवट बदललेल्या पायावर ते करण्यापेक्षा डेबियन १२ नव्याने बसवावे आणि कागदपत्रांचा भाग आहे तिथेच राहू द्यावा, असे ठरले.

डिस्क ४८० जीबीची एसएसडी होती आणि तिची रचना डेबियनच्या इन्स्टॉलरने स्वतः केलेली, म्हणजे नेहमीची होती. पहिले छोटे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, ईएफआयचे, दुसरे बूटचे (दोन्ही संगणक सुरू होण्यासाठी लागणारी), आणि उरलेली सगळी जागा व्यापणारे तिसरे लक्स या लिनक्समधल्या पद्धतीने एनक्रिप्ट केलेले. त्या तिसऱ्याच्या पोटात एलव्हीएमचा (एका जागेचे हवे तसे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा) एक गट, आणि त्या गटात तीन भाग: प्रणालीचा रूट, मेमरीला पूरक स्वॅप आणि वापरकर्त्यांच्या फायलींचे होम. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचे सगळे सोपे होते. एनक्रिप्शन हे पार्टिशनच्या पातळीवर आहे, फाइलसिस्टिमच्या पातळीवर नाही. तिसरे पार्टिशन एकदा पासफ्रेज देऊन उघडले, की आतले तीन भाग साध्या, स्वतंत्र डिस्कांसारखे समोर येतात. त्यांतला रूट फॉरमॅट केला, तर लिखाण फक्त रूटच्या हद्दीत होते. शेजारच्या होमला किंवा बाहेरच्या एनक्रिप्शनला त्याचा धक्काही लागत नाही.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे हेडर. आपण टाइप करतो त्या पासफ्रेजने डेटा एनक्रिप्ट होत नाही. डेटा एनक्रिप्ट होतो तो यंत्राने यादृच्छिकपणे तयार केलेल्या एका लांब किल्लीने, आणि ती किल्ली पार्टिशनच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये पासफ्रेजच्या आड ठेवलेली असते. डेबियन १० पासून लक्सची दुसरी आवृत्ती रूढ आहे. तिच्यात हा हेडर सर्वसाधारणपणे १६ एमबीचा असतो आणि त्यात ३२ पर्यंत किल्लीखाचा, म्हणजे एकेका पासफ्रेजसाठीच्या जागा, मावतात. हे १६ एमबी पुसले गेले, तर मागचे शेकडो जीबी पासफ्रेज तोंडपाठ असूनही कायमचे निरुपयोगी होतात. त्यांना परत आणणारी कोणतीही सेवा, कोणतेही सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही, आणि तसे ते असूही नये, कारण असते तर एनक्रिप्शनला अर्थच उरला नसता.

तयारी

म्हणून इन्स्टॉलरला हात लावण्याआधीचे काम जास्त वेळ घेणारे होते, आणि तो वेळ दिलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, तिसरे पार्टिशन उघडले आणि होम फक्त वाचण्यापुरते जोडून त्यातला सगळा मजकूर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवला. ती हार्डडिस्कही आधी एनक्रिप्ट करून घेतली होती. मूळ प्रत कडीकुलपात आणि बॅकअप मात्र उघड्या डिस्कवर, अशी स्थिती अनेक कार्यालयांत आढळते, आणि तिने सगळ्या सावधगिरीवर पाणी फिरते.

वकीलबाईंनी विचारलेला प्रश्न रास्त होता: "बॅकअप घेतलाच आहे, तर सगळी डिस्क पुसून पहिल्यापासून का मांडत नाही? तुम्हालाही सोपे जाईल." तोही मार्ग चुकीचा नाही. पण तसे केले, तर परत भरण्याच्या काळात कागदपत्रांची एकच प्रत शिल्लक राहते आणि तीही सोबत नेण्याच्या एका जुन्या हार्डडिस्कवर. होम जागेवर ठेवले, तर पूर्ण कामभर दोन प्रती शाबूत असतात. पार्टिशन पुन्हा वापरण्याचे खरे कारण वेळेची बचत हे नाही, हे आहे. उलट बॅकअप नसताना केवळ "डेटा तर तसाच राहणार आहे" या भरवशावर हा मार्ग धरणे धोक्याचे आहे. तसे काम मी हाती घेतले नसते.

त्यानंतर रूटमधील ईटीसी हे मांडणीच्या फायलींचे संपूर्ण फोल्डर आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी होममध्ये नकलून ठेवली. रूट फॉरमॅट होणार म्हणजे प्रिंटरच्या मांडणीपासून जुन्या क्रिप्टटॅब फायलीपर्यंत (कोणते पार्टिशन कुलपात आहे हे प्रणालीला तीच सांगते) सगळे जाणार, आणि पुढे यांतलीच एक ओळ फार उपयोगी पडली. सोबत होममधल्या फायली कोणत्या क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावावर आहेत, तेही पाहून लिहून घेतले. लिनक्स मालकी नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. जुन्या प्रणालीत वकीलबाईंचा क्रमांक १००० आणि कारकुनाचा १००१ होता. नव्या प्रणालीत खाती उलट्या क्रमाने उघडली असती, तर एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या नावावर दिसली असती.

मग हेडर. क्रिप्टसेटअप या लक्सची कुलपे हाताळणाऱ्या साधनाच्या लक्सहेडरबॅकअप या आज्ञेने हेडरची प्रत एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली. लक्सडंप या आज्ञेने हेडरचे वर्णन पाहिले, तेव्हा दोन किल्लीखाचा भरलेल्या दिसल्या, पण वकीलबाईंना एकच पासफ्रेज ठाऊक होता. पार्टिशन न उघडता फक्त पासफ्रेज तपासून पाहण्याची सोय क्रिप्टसेटअपमध्ये आहे, आणि तपशील मागितला तर तो कोणत्या खाचेला लागला हेही ती सांगते. वकीलबाईंचा पासफ्रेज शून्य क्रमांकाच्या खाचेचा निघाला. एक क्रमांकाची खाच २०१९ मध्ये ज्याने कुणी प्रणाली बसवली, त्याने बहुधा अडीअडचणीसाठी म्हणून भरलेली असावी. तिचा प्रश्न नंतर सोडवायचा असे ठरवले, कारण एका वेळी एकच बदल करावा हे अशा कामात फार महत्त्वाचे असते.

इन्स्टॉलर

डेबियन १२ चा इन्स्टॉलर सुरू करताना भाषा मराठी निवडली, पण कीबोर्ड मात्र अमेरिकन इंग्रजीच ठेवला. बूट होताना पासफ्रेज विचारला जातो तेव्हा डेस्कटॉप नसतो, मराठी लिहिण्याची सोय नसते, फक्त मांडणीचा एक नकाशा असतो. तो नकाशा बदलला, तर चिन्हे भलत्याच कळांवर जातात आणि बरोबर पासफ्रेजही चुकीचा ठरतो. पासफ्रेज पडद्यावर दिसत नसल्यामुळे हे लक्षातही येत नाही. मराठी टंकलेखनाची मांडणी नंतर डेस्कटॉपमध्ये जोडता येते आणि तिथेच ती जोडावी.

डिस्क विभागण्याच्या पायरीवर इन्स्टॉलर आपण होऊन कुलूप उघडत नाही. त्याला तिसरे पार्टिशन बंद अवस्थेतच दिसते, आतल्या रूट-होमचा त्याला पत्ता नसतो. याच पडद्यावर एनक्रिप्टेड व्हॉल्यूम तयार करण्याचा पर्याय समोर असतो, आणि "आपले पार्टिशन एनक्रिप्टेडच आहे, तेव्हा हेच असणार" असे वाटून तो निवडला जाण्याची फार शक्यता असते. तो पर्याय नवे कुलूप बसवतो. म्हणजे नवा हेडर लिहितो, आणि जुना जातो. आपोआप विभागणी करून देणारे पर्याय तर संपूर्ण डिस्क नव्याने मांडतात, त्यामुळे हाताने विभागणी हाच मार्ग घेतला.

कंट्रोल, आल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबून इन्स्टॉलरच्या दुसऱ्या पडद्यावर गेलो. तिथे आज्ञा टाइप करण्याचे साधे शेल मिळते. क्रिप्टसेटअपच्या लक्सओपन आज्ञेने तिसरे पार्टिशन उघडले. उघडताना त्याला एक नाव द्यावे लागते. जुन्या क्रिप्टटॅबमध्ये जे होते, तेच दिले: एसडीए३_क्रिप्ट. मग एलव्हीएमचा गट जागा केला आणि तिन्ही भाग दिसू लागले. ग्राफिकल इन्स्टॉलर पाचव्या पडद्यावर चालतो, तिथे परतून मुख्य मेनूतून डिस्क ओळखण्याची पायरी पुन्हा चालवली आणि विभागणीच्या पडद्यावर नव्याने आलो. आता यादीत रूट, स्वॅप आणि होम स्वतंत्रपणे हजर होते.

रूटला फॉरमॅट करण्याची खूण केली. होमला जोडणीचे ठिकाण दिले आणि आतला डेटा राखण्याची खूण केली. ईएफआय जसेच्या तसे ठेवले. बूट फॉरमॅट केले; ते उघडे पार्टिशन आहे आणि त्यात कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि प्रणाली सुरू करणाऱ्या फायली यांशिवाय काही नसते. बदल डिस्कवर लिहिण्यापूर्वी इन्स्टॉलर एक यादी दाखवून होकार मागतो. सगळ्या कामात डोळ्यांत तेल घालून वाचायची जागा कोणती असेल, तर ती ही. त्या यादीत फॉरमॅट होणाऱ्यांत फक्त रूट, स्वॅप आणि बूट होते. तिथे होमचे किंवा तिसऱ्या पार्टिशनचे नाव असते, तर नकार देऊन मागे फिरणे एवढेच उरले असते; तोपर्यंत डिस्कवर एकही अक्षर लिहिलेले नसते.

पुढची स्थापना सरळ झाली.

नव्या प्रणालीला कुलपाची ओळख

इथवर आलेले पुष्कळ लोक काम संपले असे समजून संगणक पुन्हा सुरू करतात, आणि याच कार्यालयात कारकुनाच्या संगणकावर महिनाभर आधी नेमके तेच घडले होते. एका परिचिताने तिथेही पार्टिशन शेलमधून उघडून व्यवस्थित डेबियन १२ बसवले होते. पण नंतर संगणकाने पासफ्रेज विचारलाच नाही. रूट सापडत नाही असे सांगून तो बिझीबॉक्स या आणीबाणीच्या शेलच्या ओळीवर थांबला, आणि तिथे क्रिप्टसेटअप ही आज्ञाच नव्हती. डिस्क गेली असे समजून तो संगणक बाजूला ठेवण्यात आला. प्रत्यक्षात त्यातले एक पानही हरवले नव्हते.

असे होण्याचे कारण साधे आहे. इन्स्टॉलरने स्वतः तयार केलेल्या एनक्रिप्टेड पार्टिशनची नोंद तो स्वतः क्रिप्टटॅबमध्ये करतो आणि त्यासाठी लागणारी पॅकेजेही बसवतो. आपण शेलमधून उघडलेले पार्टिशन त्याच्या लेखी नुसते हजर असलेले साधन असते. त्याला रूट दिसला, त्याने त्यात प्रणाली भरली; तो रूट कुलपाच्या आत आहे ही माहिती नव्या प्रणालीत कुठेच लिहिली गेली नाही. बूट होताना आधी कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती प्रणाली उघड्या बूट पार्टिशनमधून वर येते, आणि कुलूप उघडण्याचे काम तिचे असते. तिच्याजवळ ना हत्यार, ना पत्ता, अशी अवस्था असेल तर ती थांबणारच. पार्टिशन उघडणे हे या कामाचे निम्मेच अंग आहे. नव्या प्रणालीला त्या कुलपाची ओळख करून देणे हे दुसरे, आणि बहुतेक अपयशे या दुसऱ्या अंगात होतात.

म्हणून मुख्य संगणकावर, स्थापना पूर्ण झाल्यावर पण पुन्हा सुरू करण्याआधी, परत शेलमध्ये गेलो. नवी प्रणाली त्या वेळी टार्गेट नावाच्या फोल्डरखाली जोडलेली असते. तिच्यात डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डरे जोडून सीएचरूट केले, म्हणजे त्या प्रणालीच्या आतून आज्ञा देता येऊ लागल्या. क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज बसवले. मग क्रिप्टटॅबमध्ये एक ओळ लिहिली, जिचे चार भाग असतात: उघडल्यावरचे नाव, पार्टिशनचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक), किल्लीची फाइल नसल्याची नोंद, आणि लक्स हा पर्याय. यूयूआयडी क्रिप्टसेटअपकडूनच मागून घेतला, हाताने टाइप केला नाही. जुनी ओळ होममध्ये जपलेली होतीच. दोन्ही ताडून पाहिल्या.

नावाचा मुद्दा इथे निर्णायक ठरतो. इनिटरॅमएफएस तयार होताना रूट या क्षणी कोणत्या नावाच्या उघड्या पार्टिशनवर आहे ते पाहिले जाते आणि तेच नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधले जाते. शेलमध्ये एक नाव देऊन उघडले आणि क्रिप्टटॅबमध्ये दुसरे लिहिले, तर ते सापडले नाही एवढाच एका ओळीचा इशारा येतो आणि काम पुढे सरकते. तो इशारा इतर मजकुरात सहज नजरेआड होतो. सगळ्या कर्नलांसाठी इनिटरॅमएफएस नव्याने बांधून घेतले आणि एलएसइनिटरॅमएफएस या आज्ञेने त्याच्या आतली यादी पाहिली. क्रिप्टसेटअप आणि क्रिप्टटॅब दोन्ही तिथे आहेत याची खात्री झाल्यावरच संगणक पुन्हा सुरू केला. त्याने पासफ्रेज विचारला, तो स्वीकारला, आणि वकीलबाईंची फोल्डरे होती तशी समोर आली. कारकुनाचे खाते १००१ क्रमांक सांगून उघडले. त्याच्या संगणकावरही हेच दुसरे अंग इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून पूर्ण करताच तो चालू झाला. तिथे काहीही पुन्हा बसवावे लागले नाही.

जुन्या रचनेची एक उणीव मात्र तशीच्या तशी पदरात आली. डेबियन १० च्या काळात इन्स्टॉलर बूट पार्टिशन फार लहान, सुमारे २४० एमबीचे करीत असे. नव्या कर्नलांचे इनिटरॅमएफएस बरेच मोठे असते, आणि दोन कर्नल राहिले की जागा संपते. मग अद्ययावत करताना अर्धवट लिहिलेले इनिटरॅमएफएस मागे राहण्याची भीती असते. बूट वाढवायचे तर एनक्रिप्टेड पार्टिशन डाव्या बाजूने सरकवावे लागेल, आणि ते जोखमीचे आहे. त्याऐवजी इनिटरॅमएफएसमध्ये फक्त या यंत्राला लागणारेच घटक घालण्याची मांडणी केली. असे इनिटरॅमएफएस दुसऱ्या यंत्रावर चालेलच असे नाही, पण ही डिस्क दुसऱ्या यंत्रात जाण्याचा प्रसंग नसल्याने ही तडजोड पटण्यासारखी आहे.

अनोळखी किल्ली

पार्टिशन पुन्हा वापरणे म्हणजे त्याच्या जुन्या किल्ल्याही पुन्हा वापरणे. रूट फॉरमॅट झाला, प्रणाली नवी झाली, पडद्यावर सगळे नवे दिसते, तरी हेडरमध्ये तीच किल्ली आणि त्याच खाचा असतात. या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटलेली बाब हीच आहे, कारण नवी प्रणाली बसवली म्हणजे जुने सगळे मोडीत निघाले असा समज सार्वत्रिक आहे.

एक क्रमांकाची अनोळखी खाच लक्सकिलस्लॉट आज्ञेने रिकामी केली, पण त्याआधी वकीलबाईंसाठी राखीव असा दुसरा पासफ्रेज नव्या खाचेत घातला आणि दोन्ही पासफ्रेज प्रत्यक्ष तपासले. एकच चालती खाच असताना खाचा पुसण्याचे काम कधीही करू नये. शून्य खाचेचा पासफ्रेज जुन्या आर्गॉन२आय पद्धतीने जपलेला होता, तोही आताच्या आर्गॉन२आयडी पद्धतीवर आणला.

तरीही समाधान पूर्ण होत नव्हते. एसएसडी आपल्या आत लिखाणाच्या जागा बदलत राहते, त्यामुळे पुसलेली खाच खरोखर पुसली गेलीच असे सांगता येत नाही. शिवाय २०१९ मध्ये कुणी हेडरची प्रत घेऊन ठेवली असेल, तर त्या प्रतीतली अनोळखी खाच आजही मूळ किल्ली बाहेर काढू शकते. यावर एकच उपाय आहे: मूळ किल्लीच बदलणे, म्हणजे सगळा डेटा नव्या किल्लीने पुन्हा एनक्रिप्ट करणे. डेबियन १२ मधील क्रिप्टसेटअप हे काम प्रणाली चालू असतानाही करते, आणि मध्येच वीज गेली तर जिथे थांबले तिथून पुढे नेण्याची व्यवस्था त्यात आहे. तरीही ते स्थापनेच्याच दिवशी करू नये असे मी सुचवले. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत कार्यालय बंद असताना, बॅकअप ताजा करून आणि संगणक यूपीएसवर ठेवून ते पार पाडले.

त्या कामानंतर आधी घेतलेली हेडरची प्रत नुसती निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरते. ती चुकून परत लिहिली गेली, तर जुनी किल्ली आणि नव्या किल्लीने एनक्रिप्ट झालेला डेटा अशी जोडी तयार होते, जी कोणत्याच पासफ्रेजने वाचता येत नाही. म्हणून पहिल्या पेनड्राइव्हवरील प्रत नष्ट केली, नव्या हेडरची प्रत घेऊन तिच्यावर तारीख आणि पार्टिशनचा यूयूआयडी लिहिला आणि ती कार्यालयाबाहेर, वकीलबाईंच्या बँकेतील लॉकरमध्ये ठेवण्यास दिली.